मागच्या सीटचे मार्क

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

दूध पोचवून आत्ताच आलो. हात धुतले आणि ही डायरी उघडली. पेंडीच्या कंपनीनं जानेवारीत दिली होती, अजून कोरीच होती. आजपासून सगळं लिहून ठेवायचं. पुढंमागं काही झालं तर आपल्याकडं पुरावा पाहिजे.

झालं असं. चिलिंग सेंटरला कॅन उतरवत होतो, तर डेअरीचे सुपरवायझर विक्रम साहेब गोड आवाजात म्हणाले, दत्ताभाऊ, एक मिनिट. हा माणूस मला एरवी नुसतं दत्ता म्हणतो. भाऊ लागलं तिथंच मी सावध झालो. म्हणाले, मोटरसायकलवर दूध आणणाऱ्या सगळ्यांसाठी डेअरीनं दौंडला ॲडव्हान्स रायडिंग ट्रेनिंग ठेवलंय. दोन दिवस, शनिवार-रविवार. फुकट. वर नाष्टा आणि जेवण.

फुकट. ही डेअरी पावसाळ्यात कॅनवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद देत नाही, ती मला दौंडला नेऊन जेवू घालणार. पाणी कुठंतरी मुरतंय.

शिवाय ॲडव्हान्स म्हणजे काय? मी दहावीत असल्यापासून गाडी चालवतो. शिरूर ते चौफुला या पट्ट्यात माझ्यासारखा हात कुणाचा नाही असं लोक म्हणतात. निदान मी म्हणतो तेव्हा कुणी नाही म्हणत नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायला निघालेत.

विक्रम साहेबांना म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांना कळलं असेल.

४ नोव्हेंबर

चौकशी केली. ट्रेनिंगला पहिलं नाव रविराजनं दिलंय. रविराज म्हणजे शेजारच्या रूटचं दूध आणतो तो. माझ्या रूटवर त्याचा पहिल्यापासून डोळा आहे. मला दौंडला अडकवायचं आणि दोन दिवसांत माझ्या वस्त्या फिरून घ्यायच्या, असा डाव दिसतो. फक्त तोही दौंडलाच जाणार असेल तर माझ्या वस्त्या कोण फिरणार, हे अजून नीट बसत नाही. उद्या विचार करतो.

रविराजला ट्रेनिंगची गरज आहेच. दोनदा पडलाय. मी आजवर एकदाही पडलेलो नाही. फेब्रुवारीत भीमेच्या पुलाजवळ झालं त्याला लोक पडणं म्हणतात. ते पडणं नव्हतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, डबल ट्रॉली. मी ओव्हरटेक मारला, समोरनं पिकअप आली, खाली खडी. प्रसंगावधान राखून मी गाडी आडवी ठेवली. बायको मागं होती. अनुपमा माझ्या थोडं आधी उतरली. तिच्या मनगटाला प्लॅस्टर घातलं, पण ते डॉक्टर कुणालाही प्लॅस्टर घालतात.

तेव्हापासून ती माहेरी पाटसला एसटीनं जाते. कारण उघड आहे. सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केलं. त्यापायी किती नवऱ्यांच्या मागच्या सीटा रिकाम्या झाल्या, हे कुणी बघत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

ज्ञानदेवच्या गॅरेजला जाऊन बसलो. ज्ञानदेव म्हणजे आमच्या न्हावऱ्याचा मेकॅनिक, माझा शाळेपासूनचा दोस्त. म्हटलं याला आतली बातमी असेल. पाना हातात धरून म्हणाला, ती लोकं आधी पुढचा ब्रेक बघत्यात म्हणं, आन् तुझ्या गाडीला तर वायरच न्हाई.

नाहीच आहे. गाडी शोरूममधनं आणली त्याच आठवड्यात ज्ञानदेवच्याच हातानं काढून घेतली. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटी होते, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला माहीत आहे. वस्तीवरच्या निम्म्या गाड्यांना ती वायर नाही. ज्यांना आहे त्यांनी ढिली करून ठेवलीय. कंपन्या हा ब्रेक देतातच का, याचा खरं तर कुणीतरी शोध घ्यायला पाहिजे. माझ्या मते स्पेअर पार्ट खपवायला देतात.

ज्ञानदेवला विचारलं, तू गेला असतास का ट्रेनिंगला. म्हणाला, म्या कशाला जाईन, मला येती की गाडी. मग पाना खाली ठेवला आणि म्हणाला, आन् समजा नसंल येत, तर चार लोकांत कशाला दाखवायचं. ज्ञानदेवचं असंच असतं. पहिलं वाक्य बरोबर आणि दुसरं फालतू.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ

आज मुख्य नाव हाती लागलं. करुणा मॅडम. शिकवणारी बाई आहे. माझी मुलगी वैष्णवी शिरूरला कॉलेजात आहे, तिनं मोबाईलवर सगळं काढलं. मॅडम मूळच्या दौंडच्या. चाकणला कुठल्याशा कंपनीत नव्या गाड्या पळवून बघायचं काम करायच्या. म्हणजे लोकांच्या कोऱ्या गाड्या ही बाई आधीच वापरून सोडायची. हे शोरूमवाले सांगत नाहीत.

बाई आहे म्हणून माझं काही म्हणणं नाही. मी त्यातला नाही. मी फक्त विचारतो, की बाईच का?

वैष्णवीनं नियम वाचून दाखवले. हेल्मेट आणा, बूट घाला, लायसन आणा. ठीक. मग हसली आणि म्हणाली, पप्पा, हे भारीय बघा. दुसऱ्या दिवशी येताना आपल्या गाडीवर नेहमी मागं बसणाऱ्याला घेऊन यायचं, आणि शंभरातले पन्नास मार्क त्यानं द्यायचे.

मी पाणी प्यायलो.

वैष्णवी म्हणाली, म्हणजे आईला न्यायला लागंल. अनुपमा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात एकदा थांबला आणि परत सुरू झाला. मी नीट बघितलं.

जेवल्यावर माझा उजवा गुडघा दुखायला लागला. थंडीचे दिवस आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या पहिली बॅच. गुडघा तसाच. विक्रम साहेबांना फोन करून कळवलं. ते अजिबात रागावले नाहीत, म्हणाले, काही हरकत नाही, अजून दोन बॅच आहेत. आधीच तीन बॅच धरून ठेवल्यात. म्हणजे गुडघ्याचं यांना अगोदरच ठाऊक होतं.

मार्कांची मला भीती नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. मागं बसून अनुपमा किती खूश असायची ते मी अनुभवलंय. गाडीनं जरा वेग घेतला की ती गुणगुणायला लागायची. ट्रॅक्टर आणि समोरच्या गाडीच्या मधनं सट्कन काढली की आवाज वाढायचा. खांद्यावर हात घट्ट. बोटं रुतायची. घरी आल्यावर शर्ट काढला की खांद्यावर वळ. लग्नाला एवढी वर्षं होऊन हे प्रेम, चार घरांत शोधून सापडणार नाही.

तेव्हा प्रश्न मार्कांचा नाहीच. तत्त्वाचा आहे. घरच्या बाईकडं नवऱ्याचे मार्क मागायचे ही कुठली पद्धत? उद्या म्हणतील, भाजी कशी निवडून आणतो त्याचे मार्क द्या.

अनुपमानं विचारलं, जाणार नाही का उद्या. म्हणालो, गुडघा. ती बरं म्हणाली आणि परत काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रविराज पास झाला. सर्टिफिकेटचा फोटो डेअरीच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली साठ अंगठे. मी अंगठा दिला नाही. संशय नको म्हणून रात्री दिला.

हा माणूस बिघडलाय. आज सकाळी ट्रॅक्टरच्या मागं चालला होता. मध्ये एक म्हैस आडवी उभी राहील एवढं अंतर ठेवून. मी शेजारनं जाताना हॉर्न मारला, तर हात केला. पूर्वी हाच माझ्याशी रेस लावायचा. दोन दिवसांत माणसाचं रक्त काढून पाणी भरतात तिथं.

आणि संध्याकाळी त्याची बायको गिताबाई मागं बसलेली बघितली. हसत होती. काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता. गाडी चालवताना मागचं बोलणं ऐकू येतं ही मला बातमीच आहे. आमच्याकडं वाऱ्यात काही ऐकू येत नाही. पन्नास मार्क कसे पडले असतील ते दिसतंच आहे. नवी साडी घेतली असणार.

गिरणीत गिताबाई आणि अनुपमा बराच वेळ बोलत उभ्या होत्या, असं कळलं. दळण तर पाच मिनिटांचं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंची तब्येत नरम आहे. पार्वतीबाईंचं वय झालंय, काळजीचं काही नाही, पण अनुपमाला जाऊन यायचं होतं. मी म्हणालो, चल सोडतो गाडीवर. ती म्हणाली, एसटी आहे सव्वानवाची. म्हणालो, गाडी दारात उभी असताना एसटी कशाला. म्हणाली, पाठ दुखते. मी तिला पटवून दिलं की एसटीत हादरे जास्त. मागच्या सीटवर तर माणूस टाळूपर्यंत उडतो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी उचलताना म्हणाली, हादरे असतात, पण एसटीला ड्रायव्हर असतो.

दिवसभर या वाक्यावर विचार केला. माझ्याही गाडीला ड्रायव्हर आहे. मी आहे. मग तिला म्हणायचं काय होतं? हे वाक्य तिचं नाही. गिरणीतनं आलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जरा मन मोकळं करावं म्हणून वैष्णवीला म्हणालो, तुझी आई गाडीवर बसली की काय छान गुणगुणायची, आठवतं का. कुठलं गाणं असायचं ते?

वैष्णवीनं मोबाईल खाली ठेवला. म्हणाली, पप्पा, ते गाणं नव्हतं. आई मारुतीरायाचा धावा करायची. तुम्ही हळू चालवलीत की हळू, जोरात चालवलीत की जोरात. घरी येऊन उतरली की वाटेत बोललेला नारळ आधी देवापुढं ठेवायची. देव्हाऱ्याजवळ ते एवढे नारळ कशाचे असतात, तुम्हाला काय वाटायचं?

मला वाटायचं स्वस्त मिळत असतील.

हे लिहायला जरा वेळ लागतोय. आता यात दोन शक्यता. एक, अनुपमा भाविक आहे, ते तर आहेच, आणि प्रवासात देवाचं नाव घेणं चांगलंच. दोन, वैष्णवीला कुणीतरी फितवलंय. मोबाईलवर त्या मॅडमचं पान ती रोज उघडते. पहिल्या शक्यतेवर माझा जास्त विश्वास आहे. खांद्यावरच्या वळांचं मात्र मी तिला विचारलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या दुसरी बॅच. गुडघा बरा आहे, पण उद्या नेमकं वढू बुद्रुकला लग्न निघालं. ज्ञानदेवच्या साडूच्या पुतण्याचं. आमंत्रण तसं ज्ञानदेवला आहे, पण त्याला जमत नाही आणि कुणीतरी गेलं पाहिजे. समाजात राहायचं तर हे करावं लागतं.

३० नोव्हेंबर, रविवार

काल लग्नाला जाऊन आलो. कुणी ओळखलं नाही. मुलीकडच्यांनी मला मुलाकडचा समजून पहिल्या पंगतीला बसवलं आणि बुंदी दोनदा वाढली. अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

परत निघताना मांडवाच्या बाहेर गाड्या सुरू होत होत्या. प्रत्येकाच्या मागं कुणी ना कुणी. कुणाची बायको, कुणाची आई, एकाच्या मागं तर दोघी. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, पदर आत घेतलाय, चला आता. मी किक मारली. मागं कुणी नसलं की गाडी खड्ड्यात उगाच उडते. न्हावऱ्यापर्यंत उडतच आली.

बरं वाटलं नाही. सर्टिफिकेटचं मला काही नाही, ते चुलीत घाला. अनुपमानं मागं बसलं पाहिजे. पाटसला असो, शिरूरच्या बाजाराला असो, नुसतं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत का असेना.

ठरवलं. तिसऱ्या बॅचला जाणार. शेवटचीच आहे.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी

आठ दिवस योग्य वेळ शोधत होतो. आज चहा पिताना अनुपमाला म्हणालो, पुढच्या रविवारी दौंडला यावं लागेल तुला, ते मागं बसायचं असतं. मला वाटलं ती नाही म्हणेल. माझी तयारी होती. ती नाही म्हणाली की मी विक्रम साहेबांना सांगणार होतो, माझी तयारी आहे पण घरून परवानगी नाही.

ती म्हणाली, येते.

एका शब्दात. कपही खाली ठेवला नाही. फेब्रुवारीपासून मागं न बसलेली बाई मार्क द्यायचे म्हटल्यावर एका शब्दात तयार होते. मी चहात परत साखर घातली.

मग म्हणाली, दौंडपर्यंत मात्र मी एसटीनंच येईन. तिथं ग्राउंडवर काय बसायचं ते बसेन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

या आठवड्यात घरात सहज थोडी मदत केली. पाण्याचा हंडा उचलला, मेथी निवडली, मंगळवारी कंदी पेढे आणले. याचा मार्कांशी काही संबंध नाही. अनुपमानं पेढा खाल्ला आणि विचारलं, मार्क खरेच द्यायचे असतात ना, का त्यात इकडंतिकडं चालतं? मी म्हणालो, खरेच दे. अजून दोन पेढे पुढं केले.

तिनं साडी इस्त्रीला दिलीय.

१३ डिसेंबर, शनिवार. रात्री १०

दौंडहून आलो. शाळेचं मोठं मैदान, कडेला कडुलिंबाखाली खुर्च्या. आम्ही चौदाजण. करुणा मॅडमनी पहिल्यांदा एकच विचारलं, आधीच्या दोन बॅचना का आला नाहीत. एकजण म्हणाला गुडघा. दुसरा म्हणाला गुडघा. तिसऱ्यानं आधी लग्न सांगितलं आणि मग गुडघा. मॅडम हसल्या नाहीत, मान हलवून पुढं गेल्या. मला मात्र शंका आहे की या लोकांनी माझं कारण कुठूनतरी ऐकलं होतं.

मग गाडीची तपासणी. कॅनचे हूक लावलेली फ्रेम रिकामी होती, ती चालली. पुढच्या ब्रेकपाशी मॅडम थांबल्या. वायर कुठाय? मी सांगितलं, सेफ्टीसाठी काढलीय. त्यांनी डब्यातनं नवी वायर काढली आणि माझ्यादेखत बसवली. माझी परवानगी विचारली होती, पण चौदाजणांसमोर विचारली, त्याला परवानगी म्हणत नाहीत.

पहिली परीक्षा, पट्ट्यापाशी थांबणे. लांबनं वेगात यायचं, मॅडमनी हात केला की चुन्याच्या रेषेच्या आत उभं राहायचं, दोन्ही ब्रेक वापरून. मी पुढच्याला हात लावला नाही. मागचा दाबला, चप्पल टेकवली, आणि नाष्ट्याच्या टेबलापाशी थांबलो. बूट सांगितले होते, पण बुटानं ब्रेक नीट लागत नाही म्हणून मी चप्पल घातली होती. रबराचा वास सुटला. मॅडम म्हणाल्या, दादा, ही रेषा रस्त्यावर एखादं माणूस असतं. मी म्हणालो, रस्त्यावरचं माणूस बाजूला होतं, रेष होत नाही.

दुसरी परीक्षा, कोनांच्या मधनं नागमोडी, अगदी हळू, पाय न टेकता. गाडी रिकामी होती, रिकामी गाडी झुलते. त्यात मैदान एका बाजूला उतरतं आहे. चार कोन पाडले. एक सोबत घेऊन आलो. संध्याकाळी घरी सांगताना मैदानाच्या उताराचं सांगितलं, तर अनुपमा हळूच म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला म्हण कुठं वापरावी कळत नाही.

जाता जाता मॅडमनी मला एकट्याला थांबवलं आणि पुढचा ब्रेक दोन बोटांनी हळू पिळायला लावला. गाडी उलटली नाही. जागच्या जागी उभी राहिली. दौंडची जमीन वेगळी असेल.

आजचे मार्क, पन्नासपैकी अकरा.

रात्री विचार करून एक मार्ग सापडलाय. नियम काय सांगतो, नेहमी मागं बसणारा. माझ्या गाडीच्या मागं रोज कोण असतं? दुधाचे कॅन. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. अनुपमा तर महिन्याकाठी एकदा बसायची, तीही फेब्रुवारीपर्यंत. कॅनला बोलता येत नाही. कायद्यानं मी बरोबर आहे. उद्या दोन्ही कॅन घेऊन जातो.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेनऊला मैदानावर पोचलो. कॅन तिथल्याच नळावर गळ्यापर्यंत भरले. बाकीचे तेरा आपापल्या बायका घेऊन आले होते, एकानं आईला आणलं होतं. अनुपमा सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन कडुलिंबाखाली खुर्चीवर बसली होती. इस्त्रीची साडी. पर्स मांडीवर.

मी मॅडमना माझा मुद्दा मांडला. वाटलं, भांडतील. पण त्या कॅनकडं बघून म्हणाल्या, चालेल, आधी यांना फिरवून आणा. फक्त झाकणं काढा.

झाकणं काढली. सगळे कडेला जमले, हसायची तयारी करून.

इथं जे झालं ते मी जराही फुगवून लिहीत नाही. गाडीला वजन आलं आणि माझा हात आपोआप बसला. चुन्याच्या रेषेकडं येताना मी लांबनंच ॲक्सिलेटर सोडला, मागचा ब्रेक हलका, पुढचा दोन बोटांनी, आणि रेषेच्या आत हातभर थांबलो. कोनांच्या मधनं पाय न टेकता गेलो. एकही पडला नाही. मॅडमनी मुद्दाम खड्ड्यातनं जायला सांगितलं, खड्ड्यातनं गेलो. गाडी उभी केली तेव्हा मॅडमनी दोन्ही कॅनच्या खालची माती बोटानं बघितली. कोरडी. थेंब नाही.

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, दादा, मी एवढे लोक शिकवले, असं हळुवार चालवणारा माणूस पाहिला नाही. कसं जमतं तुम्हाला, या सगळ्यांना सांगा.

मी सांगितलं. मला कोण कधी विचारतं? मी म्हणालो, दुधाला हादरा चालत नाही. दूध घुसळलं की लोणी वर येतं आणि सेंटरला फॅट कमी लागते, भाव पडतो. म्हणून दूध असलं की मी खड्डा वीस पावलं आधी बघतो. स्पीड ब्रेकरवर गाडी अशी चढवतो की कॅनला कळू नये. ट्रॅक्टर पुढं असला तर मागं राहतो, कितीही वेळ लागू दे. ओव्हरटेक करतच नाही, समोरनं कुणी आलं तर करणार काय? समोरचा चुकला तरी मी आपणहून रस्त्याखाली उतरतो. दूध एकदा सांडलं की सांडलं, ते भरून घेता येत नाही. खूप वेळ बोललो. लोक माना हलवत होते. एकानं मोबाईलमध्ये घेतलं.

बोलता बोलता खुर्चीकडं लक्ष गेलं. अनुपमा उभी राहिली होती. पर्स तशीच हातात.

मॅडम तिला म्हणाल्या, या वहिनी, आता तुमची पाळी, बसा मागं. कॅन उतरवायला मी हूकला हात घातला.

अनुपमा म्हणाली, बसायची गरज नाही, मार्क देते. पन्नासपैकी पन्नास घाला. यांना सगळं येतं.

मला पहिल्यांदा आनंदच झाला. खरं सांगतो.

मग ती मॅडमना म्हणाली, मला इतकी वर्षं वाटत होतं, यांना हळू चालवताच येत नाही. ज्याला येतच नाही त्याला काय बोलायचं, म्हणून गप्प होते.

माझ्याकडं बघून नाही म्हणाली. रागानंही नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं, थंडीत ते अजून दुखतं तिचं. पाटसला आईकडं जाऊन येते म्हणाली आणि फाटकाकडं निघाली. मी म्हणालो, सोडतो की. दोन्ही कॅन भरलेले होते, ओतायला वेळ गेला. कॅन ओतून रस्त्यावर आलो तेव्हा एसटी निघाली होती.

पाटसपर्यंत एसटीच्या मागं गेलो. अंतर ठेवून. ती खिडकीशी बसली होती, पण मागं बघितलं नाही तिनं. फाट्यावर उतरून चालत गेली. मी तिथनं परत फिरलो.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११

मॅडमनी शनिवारचे अकरा खोडून रविवारच्या फेरीचे मार्क धरले, बॅचमध्ये पहिला आलो. सर्टिफिकेट मिळालं. विक्रम साहेबांनी सेंटरला सगळ्यांसमोर हातात दिलं, पुन्हा भाऊ म्हणाले. रविराजनं स्वतःहून हात मिळवला. ज्ञानदेवनं पुढच्या ब्रेकच्या वायरीचं विचारलं, म्हणालो, राहू दे तशीच.

अनुपमा अजून पाटसलाच आहे. फोन केला होता. म्हणाली, आईला बरं आहे, बुधवारी येते, इकडूनही सव्वानवाची एसटी असते.

सकाळपासून विचार करतोय, यामागं कुणाचा हात असावा. विक्रम साहेबांचा नाही. रविराजचा नाही, गिताबाईचाही नाही. मॅडमनी तर कॅन चालतील म्हणून सांगितलं, आणायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं कुणी सापडत नाही.